वनस्पती-उद्यानाची अभ्याससहल : उद्यान, रान आणि गावचे मोहझाड

तुमसरचे नाव घेतले की धानाची बाजारपेठ डोळ्यांपुढे उभी राहते. तालुक्याच्या बांध्यांत धान पिकते हे खरे. परंतु धान पिकविणाऱ्या कुटुंबाचे वर्ष केवळ धानावर पुरे होत नाही. फाल्गुन-चैत्रात मोहफुले वेचली जातात, त्यापाठोपाठ तेंदूपानांचा हंगाम येतो, उन्हाळ्याच्या अखेरीस मोहाची फळे म्हणजे टोळ गोळा होतात. पळसाच्या पानांच्या पत्रावळी होतात, बाभळीच्या लाकडापासून शेतीची अवजारे होतात, आणि ऐनाच्या पानांवर कोशाचे किडे पोसले जातात. हे सर्व झाडांचे देणे होय. यांपैकी बहुतेक झाडे कोणी मुद्दाम लावलेली नाहीत. वाडवडिलांनी ती धुऱ्यावर व रानात राखली, एवढेच. आज धुऱ्यावर उभे असलेले मोठे मोहझाड ज्या दिवशी वठेल त्या दिवशी त्याच्या जागी दुसरे कोठून येणार, याचे उत्तर मात्र अनेक गावांत सापडत नाही.

ह्या प्रश्नाचा अभ्यास कसा करावा, हे शिकविण्यासाठी वनस्पती-उद्यानाची सहल हे एक चांगले साधन आहे. मात्र सहल ही करमणूक म्हणून न होता पाठ म्हणून व्हावयास हवी. ग्रामकार्यकर्त्याने शेतकऱ्यांना उद्यानात काय दाखवावे, तेथून रानात काय पाहावयास न्यावे, आणि गावी परतल्यावर कोणते काम हाती घ्यावे, याचे दिग्दर्शन या लेखात केले आहे.

वनस्पती-उद्यान म्हणजे काय?

सार्वजनिक बाग ही मुख्यतः शोभेसाठी व विसाव्यासाठी असते. वनस्पती-उद्यान हे अभ्यासासाठी असते. तेथे प्रत्येक झाडाची नोंद ठेवावयाची असते : नाव काय, कूळ कोणते, मूळ प्रदेश कोणता, रोप अथवा बी कोठून आणले. अशा उद्यानांचा आरंभ विद्यापीठांतूनच झाला. इटलीतील पिसा येथे १५४४ च्या सुमारास व पादुआ येथे १५४५ साली वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती ओळखता याव्यात म्हणून विद्यापीठांनी उद्याने उभारली. पादुआचे उद्यान आजही मूळच्याच जागी आहे. आपल्या देशात कलकत्त्याजवळ शिबपूर येथील उद्यान १७८७ साली स्थापन झाले. सागाची लागवड करून पाहणे हाही त्याच्या स्थापनेमागील एक हेतू होता.

तुमसरकरांस सर्वांत सोयीचे उद्यान म्हणजे नागपूरची महाराजबाग. ही बाग मूळची भोसले राजांची. इंग्रजी अमदानीत तिला वनस्पती-उद्यानाचे रूप देण्यात आले आणि १८९४ साली तेथे प्राणिसंग्रहालय सुरू झाले. नागपूरचे कृषि महाविद्यालय १९०६ साली स्थापन झाले. पुढे १९६९ मध्ये अकोला येथे पंजाबराव कृषि विद्यापीठाची स्थापना झाली व हे महाविद्यालय त्या विद्यापीठाचा भाग बनले. महाराजबागेची व्यवस्थाही कृषि विद्यापीठाकडेच आहे. याचा अर्थ असा की ती शेतकऱ्याच्या विद्यापीठाची बाग आहे, आणि शेतकऱ्याने तेथे प्रश्न विचारण्यास संकोच बाळगण्याचे कारण नाही.

सहलीची पूर्वतयारी

तुमसर रोड हे नागपूर-हावडा मार्गावरील स्थानक असून तेथून नागपूर रेल्वेने सुमारे ८० किलोमीटर आहे. सकाळी निघून रात्री परत येता येते. महाराजबाग सीताबर्डीलगत असल्याने शहरात फारसा वेळ मोडत नाही. पुढील गोष्टींची काळजी आधीच घ्यावी.

(१) सहलीत पंधरा ते वीस माणसांपेक्षा अधिक माणसे नसावीत. त्यांत मोहफुले वेचणाऱ्या व तेंदूपाने तोडणाऱ्या स्त्रिया अवश्य असाव्यात, कारण कोणते झाड केव्हा फुलते व त्याला फळ किती येते हे त्यांना अधिक ठाऊक असते. एखादा गुराखी व शाळेतील एक शिक्षकही बरोबर घ्यावा.

(२) महाविद्यालयास आधी पत्र पाठवून दिवस ठरवावा व वनस्पतिशास्त्र किंवा उद्यानविद्या जाणणारा मार्गदर्शक मिळावा अशी विनंती करावी.

(३) योग्य काळ म्हणजे माघ-फाल्गुन, अर्थात फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च. धानाची मळणी आटोपलेली असते, पळस फुललेला असतो, ऐन-अर्जुनाची फळे झाडावर असतात.

(४) प्रत्येकाजवळ वही असावी. परवानगीवाचून फूल, पान किंवा बी तोडू नये. खाली पडलेले बीदेखील विचारूनच घ्यावे.

नामफलक कसा वाचावा?

उद्यानात सर्वप्रथम नामफलक वाचावयास शिकवावे. फलकावर सामान्यतः स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कूळ व मूळ प्रदेश दिलेला असतो. शास्त्रीय नावाची गरज काय, असे शेतकरी विचारील. त्याचे उत्तर त्याच्याच बोलीत आहे. भंडारा जिल्ह्यात ज्याला येन म्हणतात तोच कोकणातील ऐन. इकडचा तेंदू तिकडे टेंभुर्णी, इकडचा बीजा तिकडे बिबळा. रोपवाटिकेत एका नावाने मागणी केली आणि भलतेच रोप हाती आले, असे यामुळेच घडते. १७५३ साली लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने वनस्पतींना दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ केली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. साग म्हणजे टेक्टोना ग्रँडिस, पळस म्हणजे ब्युटिया मोनोस्पर्मा, मोह म्हणजे मधुका लाँगिफोलिया. हे नाव तुमसरला जे, तेच टोकियोला. अधिक अभ्यासानंतर शास्त्रज्ञ कधी कधी नाव बदलतात. खैराचे अकेशिया कॅटेचू हे नाव आता सेनेगालिया कॅटेचू असे लिहितात. त्यामुळे जुन्या पुस्तकात व नव्या फलकावर फरक दिसल्यास गोंधळून जाऊ नये.

फलकावरील सर्वांत महत्त्वाची ओळ मूळ प्रदेशाची होय. वहीच्या पानावर दोन रकाने करून एकात देशी झाडे व दुसऱ्यात बाहेरून आलेली झाडे लिहावयास सांगावे. हा अभ्यास उद्यानापुरताच न ठेवता वाटेत दिसणाऱ्या झाडांचाही करावा. गावच्या शाळेत व बसथांब्यावर जी झाडे नेहमी दिसतात त्यांपैकी कितीतरी दुसऱ्या रकान्यात पडतात, हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ व गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडची, तर रस्त्याकडेचा रेन ट्री दक्षिण अमेरिकेचा. बाहेरचे झाड म्हणून ते वाईट असे नव्हे. मिरची, बटाटा व भुईमूग हेही अमेरिकेतूनच आले. परंतु झाड आपल्या ठिकाणी राहते की पसरत सुटते, हे पाहणे अगत्याचे आहे.

उद्यानापासून घ्यावयाचा इशारा

आज रानोरान माजलेली घाणेरी ही एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कलकत्त्याच्या उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आणण्यात आली. पक्ष्यांनी तिची फळे खाऊन बी सर्वत्र नेले. घाणेरीच्या दाट जाळीखाली गवत उगवत नाही, झाडांची रोपे वर येत नाहीत, आणि तिचा पाला खाल्ल्यास गुरांना विषबाधा होते. तलावांतील बेशरमाची कथाही अशीच आहे. उष्ण अमेरिकेतील हे झुडूप कुंपणासाठी म्हणून सोयीचे वाटले. गुरे त्यास तोंड लावीत नाहीत व फांदी टोचली की ते जगते. आता त्याने भंडारा-गोंदिया भागातील कितीतरी बोड्या व माजी मालगुजारी तलाव व्यापले आहेत. तेथे पाणी साठण्याची जागा कमी होते व मासळीस उपयोगी असे मूळचे पाणवनस्पतींचे कुरण नाहीसे होते.

ह्यावर उपाय नाही असे नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ह्या संस्थेने अर्जुनी मोरगाव परिसरात ढीवर बांधवांच्या सहकार्याने तलावांतील बेशरम मुळासकट काढून तेथे मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. नुसते तण काढल्याने काम संपत नाही. रिकाम्या जागी देशी वनस्पती लावली नाही तर तण परत येते. हा धडा झाडांच्या बाबतीतही तितकाच लागू आहे.

देशी वनस्पती का राखावयाच्या?

धान पिकविणाऱ्यास याचे उत्तर धानाच्याच उदाहरणाने द्यावे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी आग्नेय आशियात तपकिरी तुडतुड्यांनी पसरविलेल्या ग्रासी स्टंट ह्या विषाणुरोगाने धानाचे फार नुकसान केले. रोगग्रस्त बुंधा गवतासारखा आखूड राहतो व त्यास लोंब्या धरत नाहीत. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. उपयोगी ठरेल अशी प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानधानात. त्याचे शास्त्रीय नाव ओरायझा निवारा. त्याच्या संकरातून प्रतिकारक्षम वाण तयार झाले. १९७६ साली प्रसारित झालेला आय. आर. ३६ हा त्यांपैकीच एक. ज्या रानधानाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते, त्याने कोट्यवधी लोकांचे अन्न वाचविले.

भंडारा-गोंदियाकडील तलावांच्या काठी उगवणारे देवधान हेही रानधानच होय. बांधीत ते तण ठरते व निंदणीत उपटलेच पाहिजे. परंतु तलावाच्या काठी असलेले देवधान जाळून किंवा खणून नाहीसे करणे शहाणपणाचे नाही.

विद्यापीठांची उद्याने हेच काम करू शकतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती-उद्यानात सह्याद्रीतील दुर्मिळ वनस्पती, विशेषतः कंदीलपुष्पाच्या अनेक जाती, जोपासण्यात आल्या आहेत. ह्या वेलींना जमिनीत कंद असतात. गुराखी ते खणून खातात, चराई वाढते, आणि वेल दिसेनाशी होते. उद्यानाने ती जात नष्ट होण्यापासून वाचविली तर तो मोठाच लाभ आहे. पण केवळ उद्यानात राखून काम भागत नाही, आणि ते का भागत नाही, हाच या पाठाचा मुख्य भाग आहे.

झाडाखाली त्याची पिल्ले आहेत काय?

उद्यानात एखादे जुने देशी झाड निवडून सर्वांना त्याच्या खाली उभे करावे व एकच प्रश्न विचारावा : ह्या झाडाखाली त्याची पिल्ले आहेत काय? बहुधा नसतात. हिरवळ कापली जाते, पालापाचोळा झाडला जातो, पायवाटा असतात. बी रुजले तरी रोप वाढू दिले जात नाही. उद्यानात ते योग्यच आहे, कारण तेथे झाड नमुना म्हणून राखलेले असते. परंतु एक झाड जगले म्हणजे त्याची जात जगली असे होत नाही. एकाच झाडाच्या बियांपासून केलेली सारी रोपे एकाच मातेची होतात. एखाद्या रोगास ती बळी पडली तर सगळीच पडतात. जात टिकण्यासाठी लहान-मोठी, अनेक मातांची, अनेक वयांची झाडे हवीत. ती रानातच असू शकतात.

म्हणून सहलीचा दुसरा दिवस रानासाठी ठेवावा. तो लगेच नसला तरी चालेल, पण त्याच महिन्यात असावा. तुमसर तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या आहेत. आंबागडचा किल्ला व महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले गायमुख हे याच भागात येते. येथील रान शुष्क पानझडी प्रकारचे असून साग, ऐन, बीजा, धावडा, तेंदू, चार, मोह, पळस, खैर, आवळा व बेहडा ही त्यातील नेहमीची झाडे होत. रानात जाण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी. कोका अथवा नागझिरा यांसारख्या अभयारण्यांतून बी, पान वा काडीही आणता येत नाही, हे ध्यानी असावे.

रानात मोजणी करावी. चाळीस मीटर दोरीने प्रत्येक बाजू दहा मीटर असलेला चौकोन आखावा. त्यातील झाडे तीन गटांत मोजावीत : गुडघ्याखालील रोपे, गुडघ्यापासून डोक्याच्या वर गेलेली तरणी झाडे, आणि पूर्ण वाढलेली झाडे. रोपे पुष्कळ, तरणी त्याहून कमी व मोठी सर्वांत कमी असतील तर रान सुदृढ समजावे. रोपे आहेत पण तरणी झाडे नाहीत, असे आढळल्यास चराई किंवा वणवा यांपैकी एक कारण असते. रोपेही नाहीत व तरणीही नाहीत, केवळ मोठी झाडे आहेत, तर ते रान म्हातारे झाले असे समजावे. बाहेरून ते कितीही हिरवे दिसो. असे तीन-चार चौकोन वेगवेगळ्या ठिकाणी मोजावेत. रोप बियांपासून आले आहे की मुळाच्या फुटव्यातून, हेही पाहावे. तेंदूचे बहुतेक फुटवे मुळांतून येतात. म्हणून तो तोडूनही पुन्हा उभा राहतो. मोहाचे तसे नाही.

गावच्या मोहाची परीक्षा

तिसरी पाहणी गावातच करावयाची आहे. धुऱ्यावरील व गावालगतची मोहझाडे एकेक करून पाहावीत व त्याच तीन गटांत त्यांची नोंद करावी. अनेक गावांत असे दिसून येईल की मोठी झाडे आहेत, पण त्यांच्यामागे कोणी नाही.

ह्याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. मोहफुले पहाटे गळतात. ती पाचोळ्यात दिसावीत व वेचावयास सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देण्याची रीत आहे. त्या आगीत मागील पावसाळ्यात रुजलेली रोपे दरवर्षी जळून जातात, आणि आग पसरली तर तोच रानातला वणवा होतो. जे वाचते ते गुरे खातात. पुढे टोळ तेलासाठी वेचून नेले जातात, त्यामुळे बीही उरत नाही. मोह फुलावर येण्यास दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. आज रोप राखले नाही तर त्याची उणीव आजच्या माणसास नव्हे, त्याच्या मुलास जाणवेल.

फुले वेचू नयेत असे कोणी म्हणणार नाही. त्यावर घर चालते. रीत मात्र बदलता येईल.

(१) पाला जाळण्याऐवजी झाडून एका बाजूस करावा व कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा. झाडताना उभी रोपे राखावीत.

(२) झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरावी. फुले स्वच्छ मिळतात, माती लागत नाही व वाळविल्यावर भावही बरा येतो.

(३) प्रत्येक झाडाचे काही टोळ झाडाखालीच सोडावेत. वटवाघळे फळे खाऊन बी दूर नेतात. त्यांचा वाटा राहू द्यावा.

(४) झाडाच्या सावलीबाहेर रुजलेली दोन-तीन चांगली रोपे निवडून त्यांस काटेरी कुंपण करावे व किमान तीन वर्षे राखावे.

बियांचे वेळापत्रक

रोपे तयार करावयाची असल्यास बी गोळा करण्याची वेळ चुकता कामा नये. प्रत्येक झाडाच्या बियांचा स्वभाव निराळा असतो.

मोह : फळ जून-जुलैत पिकते. बी थोड्याच आठवड्यांत निर्जीव होते. म्हणून साठवू नये. फळाचा गर काढून ताजे बी लगेच पेरावे. सोटमूळ लांब जात असल्याने शक्य तेथे बी कायम जागीच टोबावे.

चार : फळ एप्रिल-मेमध्ये पिकते. भावाच्या आशेने कच्ची फळे तोडण्याची व फांद्या छाटून आणण्याची चढाओढ लागते; त्यामुळे बी मिळत नाही व झाडही खचते. पिकलेलेच फळ घ्यावे. कवच कठीण असल्याने ते एक दिवस पाण्यात भिजवून आतील दाणा न दुखविता अलगद तडकवावे व पेरावे.

पळस : शेंगा मे-जूनमध्ये पिकतात व प्रत्येकीच्या टोकाशी एक चपटे बी असते. ताजे बी तसेच रुजते. गुरे पळस खात नाहीत. पाणी साचणाऱ्या जमिनीतही तो तग धरतो. लाखेच्या किड्यासाठीही तो उपयोगी आहे.

ऐन व अर्जुन : दोहोंच्या फळांस पाच पंख असतात, ऐनाचे पंख रुंद व पातळ, अर्जुनाचे अरुंद व जाड. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, तर अर्जुनाची फिकट व गुळगुळीत असते. फळे फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत मिळतात. अर्जुनाचे बी दोन ते चार दिवस पाण्यात भिजवावे. ऐनाची उगवण कमी असल्याने बी अधिक पेरावे.

बाभूळ : बीवरील टणक आवरणामुळे उगवण अडते. आगीवरून उतरविलेल्या कढत पाण्यात बी टाकून रात्रभर ठेवावे. शेळ्यांच्या वाड्यात पडलेले बी तर अधिक चांगले उगवते.

कडुनिंब : फळ पावसाळ्याच्या तोंडी पिकते. बी दोन-तीन आठवड्यांतच पेरले पाहिजे.

बी नेहमी अनेक झाडांचे घ्यावे. एकमेकांपासून दूर असलेल्या वीस-पंचवीस झाडांचे थोडे थोडे बी एकत्र केले तर रोपांत विविधता राहते. बुटके, वाकडे किंवा रोगट झाड मातृवृक्ष म्हणून निवडू नये. वनजमिनीवरून बी आणताना वनखात्याची, आणि ज्या गावास २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत तेथे ग्रामसभेची, संमती घ्यावी.

गावी देशी झाडांचा मळा

सहलीचे फलित म्हणून गावात अर्धा-एक एकर जागा देशी झाडांसाठी राखावी. शाळेची पडीत जागा, ग्रामपंचायतीची गायरानाची कड किंवा देवस्थानाचा परिसर यास योग्य होय. तलावाच्या मातीच्या पाळीवर मोठी झाडे लावू नयेत, कारण मुळे पाळ पोखरतात. पाळीपासून दूर, खालच्या बाजूस लावावीत. धानाच्या बांधीस सावली नको म्हणून धुऱ्यावर बाभूळ किंवा पळस लावून दरवर्षी छाटणी करावी; मोहासारखे विस्तारणारे झाड पडीत कोपऱ्यात लावावे.

पिशवीत रोपे करावयाची असल्यास दोन भाग माती, एक भाग रेती व एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण घ्यावे. प्रत्येक बाजू व खोली ४५ सेंटिमीटर असलेले खड्डे एप्रिल-मेमध्येच खणून उन्हात तापू द्यावेत. पहिला चांगला पाऊस होताच, रोवणी सुरू होण्यापूर्वी, रोपे लावून टाकावीत. एकदा रोवणीची घाई लागली की झाडांकडे पाहावयास कोणासही सवड होत नाही व रोपे पिशवीतच वाळतात, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

लावण्यापेक्षा राखणे महत्त्वाचे. तीन वर्षे गुरे व आग आत येऊ न दिल्यास पुष्कळ ठिकाणी न लावलेली रोपेही आपोआप वर येतात. गुराख्यास विश्वासात घेतल्यावाचून कोणतेही कुंपण टिकत नाही. त्या जागेतील गवत कापून नेण्याचा हक्क त्यास दिला तर तोच उत्तम राखणदार ठरतो.

अशा कामास किती चिकाटी लागते हे परदेशातील एका उदाहरणावरून कळेल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने मॅडिसन येथे १९३४ साली आपले वृक्षोद्यान सुरू केले. तेथील जुन्या शेतजमिनीवर त्या प्रदेशातील मूळचे गवताळ रान पुन्हा उभे करण्याचे ठरले. शिल्लक राहिलेल्या रानांतून बी व मुळासकट ढेकळे आणून ती रुजविण्यात आली. कर्टिस प्रेअरी या नावाने ओळखले जाणारे ते सुमारे ७० एकरांचे रान आजही आहे व त्याची निगा अजून चालूच आहे. तेथील गवतास ठराविक काळाने आग लावणे हितकारक असते, असे त्यांस प्रयोगांती आढळले. आपल्या मोहाखाली मात्र तीच आग घातक आहे. दुसऱ्याची चिकाटी घ्यावी, रीत मात्र आपल्या झाडास पाहून ठरवावी.

शेवटी एक शंका नेहमी पुढे येते. झाड लावले व पुढे तोडता आले नाही तर काय? शेतावरील मोह, साग, खैर, बीजा, ऐन आदी झाडे तोडण्यास १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाप्रमाणे परवानगी घ्यावी लागते. लावलेल्या झाडांची नोंद तलाठ्याकडून सातबाऱ्यावर करून घेतल्यास पुढे अडचण येत नाही. आणि मोहाचे मोल तोडण्यात नसून दरवर्षीच्या फुला-फळांत आहे, हे ज्याने फुले वेचली आहेत त्यास सांगावे लागत नाही.

ग्रामकार्यकर्त्याने करावयाची नोंद

सहलीनंतर पुढील प्रश्नांची उत्तरे गावच्या वहीत लिहून ठेवावीत व दरवर्षी महाशिवरात्रीच्या सुमारास ती पुन्हा तपासावीत.

(१) गावात मोहाची मोठी झाडे किती, तरणी किती व रोपे किती?

(२) यंदा किती झाडांखालचा पाला जाळला गेला व किती ठिकाणी झाडून काढला गेला?

(३) चार, बीजा व ऐन यांची बी देणारी चांगली झाडे कोठे आहेत?

(४) तलावात बेशरम किती पसरला आहे? देवधान कोठे उरले आहे?

(५) मागील वर्षी लावलेल्या रोपांपैकी किती जगली? मेली ती गुरांमुळे, आगीमुळे की पाण्याअभावी?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात तरण्या झाडांचा आकडा ज्या वर्षी वाढलेला दिसेल, त्या वर्षी नागपूरची सहल सार्थकी लागली असे समजावे. उद्यानात झाडाचे नाव कळते, रानात त्याचे बी मिळते. ते टिकवावयाचे मात्र गावालाच.